ठाऊक असणं आणि ठरवणं

माधव नगरातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या चौकटीला उजवीकडे बोटभर लांबीची एक पितळी डबी तिरकी बसवलेली होती. तिच्यात आमच्या प्रार्थनेचे शब्द लिहिलेली गुंडाळी होती. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, "ये घंटी है क्या? बजती क्यों नहीं?" उज्जैनमध्ये त्या काळी दुसरं ज्यू घर असेल तर ते आम्हाला माहीत नव्हतं. पपा कोकणातल्या बेने इस्राएल घरातले, रेल्वेत गार्ड. बदल्या होत होत इथे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलायचो, बाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही.

शेजारी काका राहायचे. नात्याचे नव्हेत, पण आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. त्यांचे पूर्वज कधीकाळी पुण्याकडून दरबारी नोकरीसाठी आलेले. ते स्वतः संस्कृतचे मास्तर होते आणि हौसेनं पत्रिका बघायचे. उज्जैनमध्ये पत्रिका बघणाऱ्यांना तोटा नाही, पण काका कुणाकडून दक्षिणा घेत नसत, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर फार विश्वास. पपांची ड्यूटी नसली की संध्याकाळी दोघं सामायिक ओट्यावर खुर्च्या टाकून बसत. मध्ये स्टुलावर चहा आणि शेव. वाद मात्र कायम एकच.

"माणसाच्या कपाळी असतं ते होतंच," काका म्हणायचे. "ग्रह नुसते वाचून दाखवतात."

"देवाला सगळं ठाऊक असतं हे मलाही मान्य," पपा म्हणायचे. "उद्या मी काय करणार, तेही. पण ठाऊक असणं म्हणजे ठरवणं नव्हे."

"साहब, ये तो वही बात हुई."

"नाही होत. तसं असतं तर आम्ही दारफाळणीचा उपास कशाला केला असता?"

दारफाळणी हा माझ्या आजीकडचा शब्द. वर्षातून एक दिवस आम्ही दारं मिटून, पाणीही न पिता घरात बसायचो आणि वर्षभरात जे चुकलं त्याची क्षमा मागायचो. पपांचं म्हणणं असं की माणूस वळू शकतो म्हणूनच देव त्याला परत बोलावतो. आधीच सगळं पक्कं असतं तर हा दिवस कशाला ठेवला असता? त्या दिवशी काका आपल्या घरातला रेडिओसुद्धा लावत नसत.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा त्या वादात तोंड घातलं. पपा काकांना समजावत होते, "हिला फ्रीगंजच्या बाजारात नेलं की ही कचोरीच मागणार, हे मला ठाऊक असतं. म्हणून मी ती घ्यायला लावतो का?"

"पण पपा, तुमचा अंदाज चुकू शकतो," मी म्हटलं. "मी उद्या समोसा घेईन. देवाचं तर चुकत नाही ना? त्यानं कचोरी धरली असेल तर मला समोसा घेताच येणार नाही."

काका मोठ्यानं हसले. म्हणाले, "वकील झाली पोरगी." पपा हसले नाहीत. त्या शुक्रवारी संध्याकाळी आईनं शब्बाथचे, आमच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "आमच्या जुन्या गुरूंनीही यावर डोकं फोडलंय. ते एवढंच म्हणाले की देवाचं जाणणं आपल्या जाणण्यासारखं नसतं. त्याला ठाऊक आहे, हेही खरं. निवडायचं आपणच, हेही खरं. दोन्ही धरून चालायचं." मी हिरमुसले. आपल्या वडिलांना उत्तर येत नाही, हे त्या वयात सहन होत नाही. आता मला त्यांचं ते बोलणं सगळ्यात जास्त आठवतं.

मी मोठी झाले. धाकटा भाऊ इस्राएलला गेला, तिकडे त्याला काम मिळालं, आणि तो आम्हा सगळ्यांना या म्हणू लागला. पपा तेव्हा निवृत्त झाले होते. मी फ्रीगंजजवळ कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला लागले होते. पपा म्हणाले, "आमचं काय, आम्ही कुठेही राहू. तुझं आयुष्य पुढे आहे. तू ठरव, मग आम्ही बघतो."

तेव्हा आई पोळ्या लाटता लाटता बोलून गेली, "नाहीतरी हिचं जाणं लिहिलेलंच आहे."

पपांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. लहानपणी मला टायफॉइड झाला होता, तेव्हा आईनं गुपचूप माझी जन्मवेळ काकांना सांगितली होती. काकांनी पत्रिका मांडली आणि सांगितलं, पोरगी वाचेल, आणि पुढे समुद्रापार जाऊन राहील. मी बरी झाल्यावर आईनं पोह्यांचा मलिदा केला होता, आमच्यात नवस फेडायला करतात तो. पपांना वाटलं होतं, तिनं फक्त आमच्या नबीला, देवाच्या प्रेषिताला, नवस बोलला असेल.

असं भविष्य पाहणं आमच्या धर्मात वर्ज्य. पण पपांचा राग निराळा होता. ते तसेच उठून शेजारी गेले, मी मागोमाग.

"तुम्ही माझ्या पोरीचं उत्तर तिच्याआधी देऊन ठेवलंत," ते म्हणाले.

काकांनी हातातलं पंचांग मिटलं. मग म्हणाले, "वहिनी रडत होत्या. पोरगी वाचेल, एवढंच सांगून थांबलो असतो तर तुम्हाला चाललं असतं ना?"

 पपा परत आले आणि ओट्यावरची आपली खुर्ची उचलून आत घेऊन गेले. कितीतरी महिने तिथे काकांची एकटीच खुर्ची होती.

माझी फार ओढाताण झाली. गेले तर काकांचं खरं करायला गेल्यासारखं, राहिले तर खोटं करायला राहिल्यासारखं. माझं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. शाळेत मुलं आपसात प्रत्येकाला एक खुणेचं नाव देतात. एका दुपारी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीनं आपल्या गालावर बोट टेकवून फिरवलं आणि माझ्याकडे दाखवलं. माझ्या गालावरच्या खळीची खूण. बाकीच्यांनी लगेच ती उचलली. घरी येताना माझ्या लक्षात आलं, वाटभर मी उद्याच्या धड्याचा विचार करत होते. इस्राएल डोक्यात आलंच नव्हतं.

"मी जात नाही," मी पपांना सांगितलं.

"काकांना खोटं ठरवायला नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः वाटीभर श्रीखंड घेऊन आले. "पत्रिका चुकली," म्हणाले, "बरं झालं. हिच्या जन्माच्या वेळी तुमच्याकडचं घड्याळ मागे असणार." पपांनी खुर्ची बाहेर आणली. वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला आणि पपा होते तोवर चालला. ते गेले त्या दिवशी आमच्या प्रार्थनेचा एक शब्दही कळत नसताना काका डोक्यावर रुमाल टाकून दारात बसून राहिले.

त्यानंतर आई माझ्याकडे, उज्जैनमध्येच नानाखेड्याला मी घेतलेल्या फ्लॅटवर येईल, असं मी धरूनच चालले होते. तिच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. ती बघायला आली, खिडकी उघडून बघितली, आणि म्हणाली, "छान आहे. पण मला तिकडे जायचंय."

"भावानं म्हटलं का?"

"कुणी नाही म्हटलं. तेव्हाही मला जायचं होतं. पपांनी तुला विचारलं, मला कुणी विचारलं नाही. तू राहणार म्हणालीस, आपण राहिलो."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं खिडकी लावून घेतली. "मी म्हटलं, देवानंच ठरवलं असेल. तसं म्हटलं की बरं असतं गं. बोलावं लागत नाही."

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईनं पुढचं सगळं स्वतः केलं. कुणाला काय द्यायचं, काय न्यायचं, ते तिनंच ठरवलं. पुरणयंत्र नेलं, लोकरीचे कपडे माझ्याकडे टाकून गेली.

आता शुक्रवारी फोन होतो. इकडे आधी अंधार पडतो, त्यामुळे माझे दिवे लागलेले असतात आणि तिची अजून भाजी चिरणं चालू असतं. गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले. ती मला बाजारात घेऊन गेली. मोडक्या हिब्रूत घासाघीस करताना मध्येच "अहो, काहीतरीच काय" म्हणत होती, आणि भाजीवाला हसत हसत ऐकून घेत होता. बस स्टॉपवर पिशव्या खाली ठेवल्यावर मी विचारलं, "आई, चुकलं असं वाटतं का कधी?"

"वाटतं ना. रोज संध्याकाळी थोडा वेळ वाटतं," ती म्हणाली. "मग नातवंडं येतात."

बस आली. तिनं जड पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्याआधी चढली.