वाढणाऱ्यांची पंगत

माझा आवाज मोठा आणि राग अगदी नाकावर. तरी सियालदहजवळच्या आश्रमातल्या महाराजांनी रविवारच्या अन्नदानाची माणसं माझ्या हाताखाली दिली. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात आलो होतो. तो निवृत्त झाला तरी इथेच राहिलो. मला वाटलं, चला, आता या लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना जरा शिस्त लावू.

जेवायला यायचे ते हॉस्पिटलातल्या रुग्णांचे नातेवाईक. लांबच्या गावांहून आलेले, फुटपाथवर चादर टाकून राहिलेले. रविवारी मिळेल तेवढंच गरम अन्न.

मी तक्ता केला, प्रत्येकाची जागा ठरवली आणि नियम काढला: रांग संपेपर्यंत एकाला एकच डाव खिचडी. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई, ज्यांना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे, त्यांनी एका म्हाताऱ्याला दुसरा डाव वाढला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "नियम कळत नाही का तुम्हाला?" त्यांनी डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत. रांग दुपारी तीनपर्यंत उन्हात उभी. महाराज शांतपणे म्हणाले, "माणसं जमत नसतील तर पुढच्या महिन्यापासून रविवार बंद करू. लोकांना खोटी आशा नको."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माझ्या हातून हे बंद पडणार?

त्या दिवशी मी आश्रमाच्या ऑफिसात जेवायला न जाता मागच्या नळाकडे गेले. आमची उरलेली माणसं तिथे उभ्या उभ्या टोपाच्या तळाची करपलेली खिचडी खरवडून खात होती. आणि मी, इन्चार्ज बाई, दर रविवारी सगळ्यांच्या आधी टेबलावर ताट घेऊन बसत होते! अहो, आमच्या घरच्या कार्यात वाढप्यांना असं जेवू घातलं असतं तर आईने मला उभी सोलली असती.

माशीमांचं घर शोधत लोकलने गेले. म्हटलं, "चुकलं माझं. चारचौघांत बोलले, चारचौघांत माफी मागते. पण या." त्यांनी चहा दिला. रविवारी आल्या. मी सगळ्यांसमोर हात जोडले, तक्ता फाडला आणि म्हटलं, किती वाढायचं ते वाढणाऱ्याने ठरवावं.

रांग संपल्यावर चटया अंथरल्या आणि आमच्या माणसांची पंगत बसवली. त्यांच्यासाठी आधीच वेगळी काढलेली खिचडी मी स्वतः वाढली, आपल्या पद्धतीने, आग्रह करकरून. "अजून घ्या! लाजताय काय?" बिचारे संकोचाने अर्धमेले झाले. माझं पान सगळ्यांच्या शेवटी. टोपही मीच घासले. आठवडे गेले तशी माणसं परत आली, येताना शेजारीपाजारी घेऊन आली. महाराज मात्र म्हणाले, "महिनाअखेरीस बघू."

आणि महिन्याच्या शेवटच्याच रविवारी वाटेत एस्प्लनेडच्या चौकात मोर्चा! बस जागची हलेना. फोनची बॅटरीही संपली. उतरले आणि भर उन्हात चालत सुटले. मी नाही म्हणजे सगळा गोंधळ, रांग उपाशी, महाराज कुलूप लावणार. वाटेत रडूच फुटलं.

पोचले तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला. फाटकाशी एक अनोळखी बाई उभी होती, वाढायला नवीच आलेली. तिने माझा हात धरला. "दीदी, रडू नका. तुमचं माणूस बरं होईल. आधी जेवा." मी तोंड उघडायच्या आत तिने मला रुग्णांच्या नातेवाइकांत बसवलं, समोर पत्रावळ ठेवली आणि वाकून वाढलं. "अजून घ्या. लाजताय काय?"

पलीकडे माशीमांनी मला पाहिलं आणि त्या हाक मारणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. अंगावर मूठभर मांस चढलं हो! बाजूने महाराज कोणाला तरी पुढच्या महिन्याच्या रविवारांसाठी किती तांदूळ आणायचा ते सांगत गेले. त्यांनीही मला ओळखलं नाही. मी दुसऱ्यांदा खिचडी मागून घेतली.