मागची सीट

हिरामावशी नव्या माणसाचा चेहरा अंगठ्यानं वाचायची. भुवईपासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा सावकाश सरकायचा आणि समोरचा माणूस श्वास धरून उभा राहायचा. माझ्या भुवयांवरून अंगठा फिरवून ती म्हणाली होती, "भित्रा हायस. पण डोळे चांगले हायत."

हमरापूरच्या कारखान्यात तिनं जन्मभर गणपतींचे डोळे आखले. मग साखरेच्या आजारानं तिचे स्वतःचेच गेले. तरी ती रोज तिथं जाऊन बसायची. डोळे न आखलेल्या मूर्तींच्या रांगांमध्ये ती एकटी बसलेली दिसली की माझ्या अंगावर काटा यायचा. "भितोस कशाला?" ती म्हणायची. "आखले नाय म्हणून ते बघत नाय, असं थोडंच हाय?"

मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सोडली आणि पेणला सायकलच्या दुकानात लागलो. गरिबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनांना पैसे जमवायला आमचा गट दर हिवाळ्यात पेणहून रोह्यामार्गे मुरुडला सायकली काढतो. मावशीनं हट्ट धरला, मला पण न्या. दुकानाच्या शेठनं दोन सायकली जोडून एक लांब जोडसायकल केली आणि पुढं मला बसवलं. आंधळ्या बाईला घेऊन घाट चढायचा, आणि पडलो तर?

"मागं बघू नको," ती एवढंच म्हणाली. "मागं मी हाय."

चढ आला की ती माझ्या पाठीवर अंगठा टेकायची. या परक्या मुलखात तोवर माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता.

रोह्यापुढचा केळघरचा घाट पाय न टेकता चढायचा, ही तिची इच्छा. शेवटच्या वळणावर एवढं धुकं दाटलं की पुढचं चाक दिसेना. मी घाबरून पाय टेकला. ती उतरली, वाकली, रस्त्यावर तळहात ठेवला. "हितवर आलो. पुढच्या साली हितून पुढं."

पावसाळ्यात ती गेली. तिची मुलगी दुकानात निरोप घेऊन आली, "आई बोलली, त्याला सांग, मागची सीट काढू नको."

म्हणून यंदा जोडसायकलवर मी एकटाच निघालो. पुढची पायडलं फिरली की मागची आपोआप फिरतात. चेन मीच बसवलेली, मला ठाऊक होतं. पण कुंडलिकेच्या पुलावर एक म्हातारी त्या रिकाम्या फिरणाऱ्या पायडलांकडं बघत बाजूला सरली आणि तिनं हात जोडले. गटातला समीर आधी चेष्टा करत होता, "मावशीला पाणी विचार रे." घाट लागल्यावर मात्र मला मागं टाकून पुढं गेला. "तुझ्या पाठी नाय चालवत बाबा."

त्याच वळणावर तेच धुकं. मांड्या भरून आल्या, पाय पायडलावरून सुटायला आला. घामानं सगळी पाठ गार पडली होती. फक्त मधे, अंगठ्याएवढी जागा कोमट होती.

मी मागं बघितलं नाही. पाय पायडलावरच राहिला.

माथ्यावर उतरून मी रस्त्यावर तळहात ठेवला. "आलो गो मावशी," इथल्या माणसांसारखंच तोंडातून निघालं. धुक्यानं हँडल, घंटी, माझी सीट, सगळं निथळत होतं. समीर लांबूनच म्हणाला, "मागची सीट ओली हाय का कोरडी, बघ जरा."

मी हात लावला नाही. पुढं बसलो आणि उताराला लागलो.