उरलेली पट्टी

सीडी नव्या होत्या, तेव्हा सांगलीच्या स्टँडजवळ त्यांवरून कॅसेट भरून देणारा एक दुकानदार होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दारावर ‘डिजिटल आवाज’ अशी पाटी होती. गाणी संपून पट्टी उरली, की तो स्वतः गाऊन ती भरायचा. त्या घोगऱ्या गाण्यात रिक्षाचा हॉर्नही यायचा.

एकदा मी तक्रार केली. कानावरची पेन्सिल काढून तो म्हणाला, “आवं, साठ मिन्टांची कॅसेट घेतलीसा. कोरी पट्टी देऊन मापात मारू व्हय?”

माझे आजारी वडील मात्र बाकीची गाणी पुढे ढकलून तेवढंच ऐकायचे आणि खोकला येईपर्यंत हसायचे.

ते गेल्यावर मी पुन्हा दुकानात गेलो. म्हणालो, “वडिलांना तुमचं गाणं फार आवडायचं. दोन्ही बाजूंना तेच भरून द्या.” हसण्याचं तेवढं गाळलं.

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली. “नुसतं माझंच? लय हुईल ओ.”

आठवड्यानं कॅसेट मिळाली. घोगरा आवाज, हॉर्न, सगळं होतं. शेवटी त्याचा दम संपला असावा. उरलेल्या दोन मिनिटांत त्यानं सीडीवरचं गाणं भरलं होतं.

मला खोकला येईपर्यंत हसू आलं. त्यानं मापात मारलं नव्हतं.