ग्रिडवरची विभूती

काचेच्या व्हॉल्व्हचा जुना रेडिओ उघडला की माझा डावा हात आपोआप खिशात जातो. आत अडीचशे व्होल्ट असतात. दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जायचा. कोळारच्या कारखान्यात जन्मभर मोटारी दुरुस्त केल्या, रिटायर झाल्यावर हा नाद धरला. बायको म्हणते, "घराचं भंगारचं दुकान करायलाव." करायलोय, व्हय.

गेल्या दसऱ्यानंतर खजुरी गावच्या, कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. त्याच्या वडलांचा, म्हणजे अप्पांचा, रेडिओ घोगरा झाला होता. गेलो तर घरात भलतंच चाललेलं. घर कन्नड, अन् जोडीदाराची नवी सून उदगीरकडची, मराठी. तिनं सणाच्या साफसफाईत रेडिओवर फडकं मारलं अन् दोन दिवसांत रेडिओ बिघडला. झालं. येईल त्याला अप्पा सांगायले, "सुनेचा हात लागला अन् रेडिओ गेला." पोरगी चहा घेऊन आली ती मान खाली घालूनच. हळूच म्हणाली, "काका, माझ्यानंच मोडला का हो?" मला अप्पांचा असा राग आला, पण दुसऱ्याच्या घरात काय बोलायचं. "बघू की," म्हणलो.

मीटरची काळी क्लिप रेडिओच्या पत्र्याला लावली अन् लाल टोक एकेका पिनेवर धरत गेलो. बाकी सगळं बरोबर. आवाज मोठा करणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या पिनेवर, मात्र जवळजवळ शून्य पाहिजे, तिथं पंधरा व्होल्ट. कुठून तरी करंट झिरपायलाय. असल्या वेळी बहुतेक कंडेन्सर गेलेला असतो. तो बदलला, पण आकडा जागचा हलंना. व्हॉल्व्ह उपसून ठेवला, तरी तेच. माझं डोकं फिरलं. रेडिओलाच म्हणलो, "आता काय तुझी आरती करू?"

आरती म्हणलो अन् माझी ट्यूब पेटली. रेडिओ बंद करून व्हॉल्व्हच्या सॉकेटात बॅटरीचा उजेड मारला. भोकाभोकांत पांढरी खरवड बसलेली. बोटानं चोळून वास घेतला. विभूती.

"अप्पा, खांडेनवमीला रेडिओची पूजा कोण केलं?"

"मीच. दरसाल करतो की. कामून?"

"विभूती कुठं लावलाव?"

"दरसाल वरनं लावतो. औंदा मागचं फळकूट काढून आतल्या दिव्यांना पट्टे ओढलो. खरा जीव आतच न्हाई का?"

"ओली?"

"ओलीच लावतेत की."

व्हॉल्व्हवरनं ओघळ सॉकेटात उतरला होता अन् तिथनंच करंट ग्रिडवर पाझरायला होता. स्पिरिटनं सॉकेट धुतलं, चांगलं सुकू दिलं, पुन्हा मीटर लावला. शून्य. कन्नड बातम्या कशा खणखणीत लागल्या.

सून दारात उभी होती. अप्पा तिच्याकडं बघंनात. त्या रेडिओचा काटा आजवर कन्नड स्टेशनावरनं हलला नव्हता, पोराला सुद्धा ते बटणाला शिवू देत नसत. बातम्या संपल्या. मग जरा बाजूला सरकून म्हणले, "ये माय. हात लाव. तुझं मराठी कुठं लागतंय, तूच बघ."

तिनं ओढणीला हात पुसला अन् काटा हळूहळू फिरवायला लागली.