लोकल बाई, मागच्या गेटनं

"लोकल बाई आलीय कुणीतरी. मागच्या गेटनं घे."

मॅनेजर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले. मी काचेतून पाहिलं. पुढच्या गेटवर वॉचमनसमोर माझी आई उभी होती. धुतलेली हिरवी साडी, हातात पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी.

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला हे रिसॉर्ट आहे. मी तिथं रिसेप्शनला. एसटी बदलत भोरच्या कॉलेजात जाऊन बीए केलं, म्हणून काउंटरच्या आत बसायला मिळालं. तीन वर्षं झाली.

तीन वर्षं तो शब्द ऐकतेय. लोकल. पाहुणे आल्या आल्या विचारतात, लोकल कोंबडी आहे का? लोकल मध? लोकल तांदूळ? मेनूकार्डावर तो शब्द छापला की ताटाचा भाव वधारतो. माणसाला लावला की माणूस उतरतो. पोहायच्या टाकीवर पाटी आहे, लोकल लोकांना मनाई. कुणाचा चष्मा हरवला की लोकल पोरं असतील. नळ गळला की लोकल प्लंबर आणला होता ना, मग असंच होणार. एकदा एका बाईंनी माझ्यासमोरच मॅनेजरांना विचारलं, "ही लोकल आहे? वाटत नाही हं." मी हसले. थँक यू म्हणाले. त्या थँक यूची मला आजही लाज वाटते.

भोरला दाढ काढताना डॉक्टर म्हणाले होते, लोकल देतो, तेवढीच जागा बधिर होईल, काही कळणार नाही. घरी येऊन चहा प्याले तर ओठ भाजला, आणि खरंच कळलं नाही. नोकरीत माझं तेच झालं होतं.

आई का आली, ते मला बघताक्षणी समजलं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात झोडून झालं होतं. आमच्याकडे नव्या भाताचा पहिला तांदूळ आधी देवाला, मग ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे त्याच्या घरी. त्याला नवं म्हणतात. वर्षभर भांडण असलं तरी नवं जातं. रिसॉर्टची जमीन आधी आमच्या चुलत्यांची. ते विकून पुण्याला गेले, बांध तिथंच राहिला. आईच्या लेखी शेजारी बदलला, रीत नाही. दोन वर्षं मीच तिला काहीबाही सांगून थोपवलं होतं. यंदा ती मला न सांगता आली.

मी गेटवर गेले. आणि मीच म्हणाले, "आई, मागनं ये."

आई वळली. कुंपणाच्या कडेनं, टणटणीच्या झुडपांतून वळसा घालून गेली. किचनच्या मागं, खरकट्याच्या पिंपांशेजारी उभी राहिली. पायांवर ओरखडे उठले होते.

"दे, मी देते त्यांना," मी म्हणाले.

"न्हाई. ज्येचं त्येच्या हातात द्यायचं असतंय. कुठं हायत तुजं सायब?"

मी बोलावलं तसे मॅनेजर आले, मागं दोन पाहुण्या. आईनं पुढं केलेल्या पुरचुंडीला कुणी हात लावला नाही. एकीनं मोबाईल वर धरला. "मावशी, पदर डोक्यावर घ्या ना. जरा लोकल वाटू दे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हन्त्यात गं?"

काय सांगायचं?

"म्हन्त्यात, तू हितली वाटत न्हाईस."

"मग हितलं कोन वाटतंय?" आई म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच कळायचं होतं.

"फोटो काढू नका," मी म्हणाले.

मॅनेजरांचा आवाज चढला. "गेस्टसमोर बोलायचं नाही. नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. ही माझी आई आहे."

"अगं, मग आधी सांगायचं. पुढून घेतलं असतं."

"आणि दुसऱ्या कुणाची आई असती तर?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. आईचं मनगट धरलं आणि किचनमधून, जेवणाच्या हॉलमधून तिला सरळ काउंटरवर आणलं. फरशीवर तिच्या पायांची माती उठत होती. पाहुण्यांचं रजिस्टर पुढं ओढलं. लोकल लोकांची त्यात नोंद करत नाहीत. मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. हिराबाई. येण्याचं कारण मी लिहिलं. बांधशेजारी, नवं द्यायला.

आईनं पुरचुंडी पुन्हा पुढं धरली. मॅनेजर लांबूनच बघत होते. मग तिनं ती पदराखाली घेतली. "घेनारा हात न्हाई. चल."

पुढच्या गेटनं आम्ही बाहेर पडलो. वॉचमन बाजूला झाला.

घरी पोचेतोवर मॅनेजरांचा मेसेज आला, उद्या ऑफिसमध्ये भेट. भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू? पण मी जाणार आहे. पुढच्या गेटनं. काढून टाकलं तर त्याच गेटनं बाहेर येईन. मागच्या वाटेला आता कुणालाही पाठवणार नाही, मग ती माझी आई असो की कुणाची. आणि पुढच्या वर्षी भात झोडलं की आम्ही दोघी नवं घेऊन तिथंच उभ्या राहू. हातात घेईपर्यंत हलणार नाही.