काळ्या घोडीची चाल

पिलिपो नाहिनूचं नाव गाण्यानाचाच्या शिबिरात घातलं ते त्याच्या बायकोने, त्याला न विचारता. व्हर्नाला स्वतःला हुला नाच शिकायचा होता, आणि नवऱ्याला घरी एकटं ठेवलं तर तो आठवडाभर डब्यातलं मांसच तळून खाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने दोघांची नावं दिली, त्याची गिटार गाडीत टाकली, आणि मग त्याला सांगितलं.

"मला काय शिकवणार आहेत ते लोक?" होनोकापासून कोहालाच्या किनाऱ्यापर्यंत पिलिपोचं एवढं एकच पालुपद चाललं होतं.

"कमी कुरकुरायला शिकवलं तरी मला पुष्कळ झालं," व्हर्ना म्हणाली.

पिलिपोचं वय सहासष्ट. सगळी नोकरी त्याने सरकारी रस्त्यांवर रोलर चालवण्यात काढली होती, आणि स्वभावही तसाच झाला होता: सावकाश, जड, आणि एकदा दिशा धरली की वळायला महाकठीण. पण गिटार हातात आली की हाच माणूस हलका व्हायचा. हवाई बेटांवरच्या जुन्या पद्धतीने तो तारा सैल सोडायचा, अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरायचा आणि बाकीच्या बोटांनी वर चाल खेळवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन माणसं वाजवताहेत.

आता कुठली तार किती सैल सोडायची, ही तिकडे ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट. निदान पूर्वी तरी होती. पिलिपोचे पापा वाइमेआच्या रँचवर गुरं वळायचे. लग्नात किंवा बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला वाजवायला बसले की ते भिंतीकडे तोंड करून बसत, आणि गिटार खाली ठेवण्याआधी खुंट्या पिळून सगळे सूर मोडून टाकत. कुणी नंतर गुपचूप उचलून पाहिलीच, तर त्याला नुसता खडखडाट ऐकू यावा. पिलिपोलाही तीच सवय लागली होती.

पापांनी एक चाल बांधली होती. एकदा त्यांची काळी घोडी धुक्यात त्यांना डोंगरावरच सोडून एकटी घरी चालत आली, त्यावर. फाटकापाशी एक चर होता, तिथे घोडीचा पाय दरवेळी अडखळायचा. चालीतही तिथे अंगठा जाड तारेवर मुद्दाम उशिरा पडायचा. ऐकणाऱ्याच्या काळजात क्षणभर धस्स व्हावं आणि लगेच हसू यावं, अशी ती जागा होती. पापांनी ती पिलिपोला शिकवली आणि बजावलं, "घराबाहेर जाऊ द्यायची नाही." मग पापा गेले. पिलिपोचा थोरला मुलगा लास व्हेगासला हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला गेला तो तिकडचाच झाला. धाकट्याला सूर आणि मोटारीचा भोंगा यांतला फरक कळत नव्हता. म्हणजे आपल्यामागे घोडी संपली, हे पिलिपोला कळून चुकलं होतं. तो ते कुणापाशी बोलत नसे. रोज सकाळी एकट्याने एकदा ती वाजवायची, आणि मग कॉफी.

शिबिरात पहिल्या दिवशी सगळे गोल करून बसले. शिबिर चालवणारी इवालानी चाळिशीची, आवाज असा की लाटांनीही गप्प बसावं. ती म्हणाली, "नाव सांगा, गाव सांगा, माणसं कोण ते सांगा, आणि घरचं काहीतरी वाजवा."

पिलिपोने सगळ्या बेटांना पाठ असलेलं एक गाणं वाजवलं आणि गिटार ठेवता ठेवता खुंट्या पिळल्या.

"अंकल, कुलूप लावलंत का?" इवालानीने विचारलं. सगळे हसले. पिलिपोही हसला, पण ओठांच्या कडेनेच.

त्याच्या शेजारी बसली होती आंटी मिल्ड्रेड साकाई. कवाई बेटावरची, आई हवाईयन, नवरा जपानी आणि तो आता देवाघरी. वय एकाहत्तर. तिने उभा जन्म केस कापण्याचं दुकान चालवलं होतं, आणि बायकांच्या डोक्यावर कात्री चालवता चालवता त्यांच्या पोटातलं काढून घ्यायची विद्या तिला चांगलीच साधली होती. गिटार तिने साठी उलटल्यावर धरलेली, पण कान मात्र मांजराचा.

त्या कानानेच घोळ घातला. पिलिपो सकाळी होड्यांच्या शेडमागे जाऊन घोडी वाजवायचा. इथे वाऱ्यात कोण ऐकतंय, असं त्याला वाटायचं. आणि मिल्ड्रेड त्याच वेळी खालच्या खडकांवर लिमू तोडत असायची. समुद्रातलं ते शेवाळ ताजं असेल तरच तिच्या घशाखाली जेवण उतरायचं. वारा नेमका समुद्राकडे वाहायचा.

मग एका दुपारी, सगळे पोई, म्हणजे अळूच्या कंदांचा लगदा, आणि मासा खात असताना, मिल्ड्रेडने गिटार मांडीवर घेतली आणि घोडी वाजवायला लागली.

पिलिपोच्या हातातला पोईचा वाडगा तिरका झाला. चाल तीच होती. वळणं तीच होती. फक्त एक तार चुकलेली होती. चौथी. जितकी सैल हवी तितकी नव्हती, आणि त्यामुळे चराशी घोडी अडखळायच्या ऐवजी सरळ आडवीच पडत होती.

"वा, आंटी! कुठे मिळाली ही?" इवालानी ओरडली.

"सकाळी शेडमागे एक पक्षी गातो," मिल्ड्रेड म्हणाली. "जाड आहे, टोपी घालतो."

सगळ्यांनी चाल डोक्यावर घेतली. शेवटच्या संध्याकाळी गावासमोर कार्यक्रम होता, त्यात आंटीने हीच वाजवायची असं तिथल्या तिथे ठरूनही गेलं. पिलिपोने पोई सांडलेली पँट पुसली आणि तो उठून गेला.

"आता काय करायचं?" खोलीत येऊन त्याने व्हर्नाला विचारलं.

व्हर्ना आरशासमोर कंबर हलवून पाहत होती. "तार कुठली ते सांग तिला."

"घराबाहेर?"

"मग नको सांगूस."

"आणि गावभर ती चुकीची वाजू देऊ? लोक तीच उचलतील. पोरंसोरं उचलतील. जन्मभर घोडी चरात पडत राहील!"

"पिलिपो, घोडी मेली त्याला पन्नास वर्षं झाली. मला हुलाचे हात मोजू दे."

त्याने मधला मार्ग काढला, म्हणजे त्याला तसं वाटलं. मिल्ड्रेड झाडाखाली सराव करायला बसली की तो जवळच काहीतरी करत उभा राहायचा, आणि चौथी तार आली की खाकरायचा. एकदा, दोनदा, दहादा.

"अंकलना काढा करून द्या गं कुणी," मिल्ड्रेड वाजवता वाजवता म्हणाली. "छाती भरलीय बिचाऱ्याची."

"आंटी, ती तार..." पिलिपोच्या तोंडून निघून गेलं.

"काय ती तार?"

"काही नाही. जुनी झालीय. बदला."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिल्ड्रेडच त्याला शोधत शेडमागे आली. हातात धुतलेल्या लिमूची टोपली होती. ती त्याच्या शेजारी उलट्या होडीवर बसली आणि त्याच्या हातावर थोडं लिमू ठेवलं.

"ही चाल तुझी आहे."

"पापांची."

"मग गप्प का राहिलास? माझ्यासारखीने उचलली तर दोन शिव्या हासडायच्या असतात. मी चार परत दिल्या असत्या, विषय मिटला असता." पिलिपो हसला नाही, तेव्हा तिचाही आवाज खाली आला. "माझ्या आईचे वडील वाजवायचे. कुणाला शिकवलं नाही. भिंतीकडे तोंड करून वाजवलं आणि तसेच गेले. आईला त्यांच्या एका गाण्याची एक ओळ येत होती, एकच. भांडी घासताना ती तेवढीच गुणगुणायची, पुढचं कुणालाच माहीत नाही. मीही तेवढीच गुणगुणते. म्हणून तुझं ऐकलं आणि मला राहवलं नाही. एक तार चुकतेय हे कळतंय मला, कुठली ते कळत नाही. तू नको म्हण, मी उद्या वाजवत नाही. पुन्हा कधीच वाजवत नाही."

पिलिपोने लिमू तोंडात टाकलं आणि चावत बसला. शेवटी मिल्ड्रेड टोपली उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे कामाला जुंपले होते. पुरुषमंडळी जमिनीतल्या भट्टीवर पानं अंथरत होती, बायका हार ओवत होत्या. पिलिपो व्हर्नाला फुलं देत होता आणि देठाऐवजी पाकळ्याच तोडत होता. शेवटी तिने फुलांची टोपली त्याच्याकडून ओढून घेतली.

"तुझ्या पापांना सूर कुणी शिकवले?"

"म्हाताऱ्या नाहिनूने. तुला माहीत आहे की."

"ते त्याच्या पोटचे होते?"

"नाही. हानाई होते. माहोएंच्या घरात सात पोरं झाली होती, म्हाताऱ्याला एकही नव्हतं. त्याने एक मागून घेतलं आणि आपलं म्हणून वाढवलं. यात काय नवीन? तुलाही आजीने वाढवलंय. अर्धं बेट असंच वाढलंय."

"मी कुठे म्हणते नवीन आहे?" व्हर्ना म्हणाली आणि पुढचं फूल ओवलं.

सहासष्ट वर्षं पिलिपो नाहिनू म्हणून वावरला होता, पण ते नाव रक्ताने नाही, मागून घेतलेल्या पोरामुळे आलं, हे माहीत असूनही त्याने कधी मनात घोळवलं नव्हतं. व्हर्नाने मान वर केली नाही. तिचा हार पुरा व्हायचा होता.

संध्याकाळी किनाऱ्यावर ही गर्दी जमली. शिबिरातले, गावातले, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. हुला झाला, व्हर्नाचा एक हात सगळ्यांच्या उलट गेला, ती स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. मग इवालानीने मिल्ड्रेडचं नाव पुकारलं. मिल्ड्रेड वर गेली, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "ठरवलेली चाल मी वाजवणार नाही. दुसरं काहीतरी वाजवते."

"थांबा!" पिलिपो उठला. त्याच्या मागची खुर्ची उलटली. तो मंचावर चढला तेव्हा धाप लागली होती आणि कान लाल झाले होते. लोकांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"ही चाल माझ्या पापांची आहे. घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ते सांगून गेलेत. तर मी ती जाऊ देणार नाही." मिल्ड्रेडने मान खाली घातली. "म्हणून आजपासून ही मिल्ड्रेड आमच्या घरची. माझी हानाई मुलगी. पापा स्वतः हानाई होते, त्यांना काही बोलायला जागा नाही."

पहिली दोन मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही, इतका हशा झाला.

"अरे, एकाहत्तर वर्षांची आहे मी!" मिल्ड्रेड ओरडली. हसता हसता तिचे डोळे गळत होते. "तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी!"

"बापाला उलट उत्तर द्यायचं नाही," पिलिपो म्हणाला.

"आणि आईला कुणी विचारलं का?" व्हर्ना खालून ओरडली. "मला चालेल! पण भांडी हिने घासायची!"

पिलिपोने गिटार घ्यायला हात पुढे केला आणि तो अडखळला. समोर एवढी माणसं. सगळ्यांच्या देखत घरची खुंटी पिळायची? इवालानीला त्याचा चेहरा वाचायला वेळ लागला नाही. तिने दोन्ही हात वर केले.

"सगळ्यांनी पाठ फिरवा! घरातली गोष्ट आहे, बघायची नाही!"

आणि ती सगळी गर्दी, खुर्च्यांसकट, तान्ह्या पोरांसकट, हातातल्या ताटांसकट, समुद्राकडे तोंड करून वळली. एका म्हाताऱ्याला वळता येईना, त्याला नातवंडांनी खुर्चीसह उचलून फिरवलं. कान कुणीच बंद केले नव्हते, पण ते बेटाच्या रिवाजात बसत होतं. पिलिपोने मिल्ड्रेडची चौथी तार हळूहळू सैल केली. तिने बोट लावून पाहिलं.

"हीच होय?"

"हीच. आणि अंगठा उशिरा. तो पडणार नाही असं वाटेपर्यंत थांबायचं."

तो खाली येऊन व्हर्नाजवळ बसला. मिल्ड्रेड वाजवायला लागली. लोक एकेक करून पुन्हा मंचाकडे वळले. घोडी डोंगर उतरली, धुक्यातून आली, फाटकाशी तिचा पाय अडखळला, तेव्हा गर्दीतून एकदम "ओ" झालं आणि लगेच हसू पसरलं. पिलिपोचे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"कसं वाजवतेय तुझी लेक?" व्हर्नाने कुजबुजत विचारलं.

"शेवटाकडे घाई करते."

"मग सांग तिला. बाप झालास ना?"

"सांगेन उद्या," पिलिपो म्हणाला. "आज ऐकू दे मला. पापा गेल्यापासून मी ही नुसती वाजवलीय गं. ऐकली कधीच नाही."