रुईच्या कागदावरची नवी चिठ्ठी

कॉलेजात वाळवलेल्या झाडांची कपाटं मी सांभाळते. डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी रुईचं जुनं कूळ कधीच मोडलं आणि तिला कण्हेरीच्या कुळात घातलं. आमच्या कपाटात तो बदल करायला मात्र मागचा महिना उजाडला.

रुईच्या वाळक्या फांद्या चिकटवलेले कागद हलवताना मी शिकत असतानाचा माझाच एक कागद हाती आला. त्यावरची फांदी आत्यानं तोडली होती, इनामगावला, घोड नदीच्या काठी. शनिवारी मारुतीला माळ घालायची म्हणून ती दर शुक्रवारी रुईची पानं आणायची. त्या दिवशी चिकानं माखलेली बोटं दाखवत ती म्हणाली, "पिवळ्या कण्हेरीलाबी असाच चिक हाय. दोघी एकाच घरच्या आसत्यात बघ."

"आत्या, तुला काय कळतंय त्यातलं? पुस्तकात दोन्ही वेगळी आहेत," मी फटकन बोलले. ती पानं धुवायला लागली.

खरं तर चिक वडालाही असतो. नुसत्या चिकावरून कूळ ठरत नाही. आज ती असती तर यावरून तिच्याशी मनसोक्त भांडले असते.

आमच्याकडे कागदावरची झाडाच्या नावा-कुळाची जुनी चिठ्ठी खोडत नाहीत, नवी शेजारी डकवतात. नव्या चिठ्ठीवर 'ओळख कोणी ठरवली' अशी एक ओळ असते. रेशनकार्ड सोडलं तर आत्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नव्हतं. त्या ओळीवर मी ते लिहिलं, आडनावासकट.